‘गाडी लागते’ हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा

प्रश्न : माझे वय ४३ असून मी कर्वेनगर येथे राहते. पित्ताशयात खडे झाल्यामुळे पुढील पंधरवड्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे ठरले आहे. शस्त्रक्रियेची मला तितकीशी भीती वाटत नाही; भीती आहे ती उलट्यांची. अकरा वर्षांपूर्वी अंडाशयातील गाठ दुर्बिणीतूनच काढली होती. तेव्हा शुद्धीवर आल्याबरोबर उलट्या सुरू झाल्या, त्या रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सलाईनमधून दुखण्याचे औषध दिल्यावर पुन्हा सुरू झाल्या. टाक्यांपेक्षा उमाशांनीच पोट जास्त दुखले. त्याआधी सिझेरियनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिले होते, तेव्हाही टेबलावर मळमळले होते. माझे दीर म्हणतात की हा सगळा भुलीच्या गॅसचा परिणाम असतो, तेव्हा ‘पाठीतले इंजेक्शनच द्या’ असा आग्रह धरावा. सर्जनना विचारले, तर ‘ते भूलतज्ज्ञ बघतील’ असे उत्तर मिळाले. मला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि साखर सीमारेषेवर आहे. जुन्या फाईलमधील भुलीच्या नोंदीच्या कागदाचा फोटो सोबत पाठवीत आहे. भुलीची पद्धत बदलल्याने खरोखर फरक पडतो का, आणि शुक्रवारी भूलतज्ज्ञांकडे तपासणीला जाईन तेव्हा मी नेमके काय विचारावे?

ता. क. फोटो पाठवायला उशीर झाला, क्षमस्व. महाडला माहेरी गेले होते आणि वरंधा घाटात नेहमीप्रमाणे गाडी लागली, त्यामुळे दोन दिवस अंथरुणातच होते.

— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ताज्या कलमात लिहिले आहे, आणि तेही उशिराचे कारण म्हणून. ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना शस्त्रक्रियेनंतर उलट्या होण्याचा संभव इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक असतो. तरीही ही गोष्ट आपण होऊन सांगणारा रुग्ण मला माझ्या सगळ्या नोकरीत क्वचितच भेटला. ॲलर्जी, दमा, रक्तदाब, हलणारा दात, हे सर्व लोक न विसरता सांगतात. गाडी लागणे हा काही आजार नव्हे, त्यामुळे तो डॉक्टरांना सांगण्याजोगा विषय वाटत नाही. अर्थात तो प्रश्न विचारायला विसरणारे भूलतज्ज्ञही आहेत, हे आमच्या व्यवसायाच्या वतीने मान्य केले पाहिजे.

घाट आणि ऑपरेशन थिएटर यांचा संबंध मेंदूत जुळतो. उलटीचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो आणि तिथे वेगवेगळ्या दिशांनी निरोप येत असतात. पोट आणि आतड्यांकडून एक निरोप येतो, अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून दुसरा, भीती, वास आणि जुन्या आठवणी यांच्याकडून तिसरा. शिवाय मेंदूच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी एक छोटासा भाग असा आहे, की जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल असतो आणि त्यामुळे रक्तात काय फिरते आहे याची जणू चव घेऊन तो भाग धोक्याची सूचना देतो. मॉर्फीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही अफूच्या कुळातील वेदनाशामके या भागाला तर डिवचतातच, पण त्याखेरीज ती अंतर्कर्णाच्या यंत्रणेलाही हळवी करतात. म्हणूनच रिकव्हरी रूममध्ये शांत पडलेली बाई वॉर्डकडे नेताना स्ट्रेचरने पहिले वळण घेतले की उलटीसाठी किडनी ट्रे मागते. ज्यांची ही यंत्रणा मुळातच हळवी आहे, त्यांना असे वळण वरंध्याच्या वळणाइतकेच महागात पडते.

हा अंदाज मोघम राहू नये म्हणून एक साधी मोजणी उपलब्ध आहे. १९९९ साली जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिस्तियान आपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली आणि आज ती जगभर वापरली जाते. रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणारी असणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर उलट्या झालेल्या असणे किंवा गाडी लागणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूच्या कुळातील वेदनाशामक द्यावे लागणे, असे चार मुद्दे तिच्यात आहेत. एकही मुद्दा लागू नसेल तर शंभरांत सुमारे १० जणांना त्रास होतो, एक असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८०. (सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास कमी होतो हे खरे आहे; पण त्यांची फुप्फुसे आम्हाला टेबलावर जो त्रास देतात, तो पाहता या एका फायद्याचे कौतुक करावेसे वाटत नाही.) तुम्हाला पहिले तीन मुद्दे निर्विवाद लागू आहेत. चौथा लागू होणार की नाही, हे अजून ठरायचे आहे आणि त्यावर तुमचे पुष्कळ काही अवलंबून आहे.

आता तुम्ही पाठविलेला कागद. तो घडीवर फाटलेला असला तरी वाचता येतो, आणि रुग्णालयाच्या नावाचा भाग झाकून तुम्ही फोटो काढला, हे फार बरे केलेत. नोंदीप्रमाणे प्रोपोफॉलचे १२० मिलिग्रॅम देऊन तुम्हाला झोपविले गेले आणि उलटी रोखणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनचे ४ मिलिग्रॅम त्याच सुमारास दिले गेले. पुढे दोन तास दहा मिनिटे नायट्रस ऑक्साइड, ऑक्सिजन आणि आयसोफ्लुरेन या गॅसवर भूल चालू ठेवली, मधून फेंटानिल दिले, शेवटी स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम उतरविण्यासाठी निओस्टिग्मीन दिले आणि रिकव्हरीत ट्रॅमाडॉलचे १०० मिलिग्रॅम सलाईनमधून गेले. सकाळी आठची ट्रॅमाडॉलची दुसरी मात्रा सिस्टरनी वेगळ्या शाईने लिहिली आहे.

यात कोणाचीही चूक दाखविण्याचा माझा हेतू नाही. त्या काळी हजारो रुग्णांना याच क्रमाने भूल दिली जात होती, आणि बहुतेकांना ती सोसलीही. परंतु तुमच्यासारख्या रुग्णाच्या बाबतीत हा कागद उलट्यांच्या दोन वेगवेगळ्या सत्रांचा जवळजवळ कबुलीजबाबच आहे. पहिले सत्र शुद्धीवर येताच सुरू झाले. त्याची सुरुवात मुख्यतः गॅसने झाली. दुसरे सकाळी औषध गेल्यावर सुरू झाले, ते ट्रॅमाडॉलचे. तुमच्या दिरांचे म्हणणे म्हणूनच अर्धे बरोबर आहे.

गॅसविषयीची ही समजूत जुनी आहे. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाल्यापासून शतकभर भूल आणि उलटी यांची जोडी अतूटच मानली जात असे, आणि मी शिकत होते तेव्हा ईथर वापरणारे जे थोडे ज्येष्ठ उरले होते, त्यांच्या यादीतील रुग्णांच्या उशाशी किडनी ट्रे आधीच ठेवलेला असे. पुढे हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन असे सुधारित गॅस आले आणि प्रमाण घटले, पण त्रास संपला नाही. २००२ साली आपफेल यांच्याच गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो या प्रश्नाचा बराचसा उलगडा करतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन तासांतील उलट्यांचे सर्वांत मोठे कारण श्वासातून दिली जाणारी भूल हे ठरले. जितका वेळ गॅस, तितका त्रास अधिक. दोन तासांनंतरच्या उलट्यांवर मात्र गॅसचा प्रभाव दिसला नाही. आयसोफ्लुरेनऐवजी सेवोफ्लुरेन वापरल्यानेही काही फरक पडला नाही. त्यामुळे ‘नवीन, भारी गॅस वापरा’ असा आग्रह धरण्यात या बाबतीत अर्थ नाही.

गॅसला पर्याय आहे तो शिरेतून दिल्या जाणाऱ्या भुलीचा. प्रोपोफॉल हे १९८६ पासून वापरात आलेले औषध तुम्हाला ११ वर्षांपूर्वीही दिले होते, पण फक्त झोपविण्यापुरते; त्या एका मात्रेचा असर काही मिनिटांत ओसरतो आणि पुढील दोन तास सत्ता गॅसचीच राहते. संपूर्ण शस्त्रक्रियाभर शिरेतूनच भूल द्यायची असेल, तर ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये हे दुधासारखे पांढरे औषध भरतात आणि सिरिंज पंपावर चढवितात; मग तो पंप तासाला ठरावीक मिलिलिटर या वेगाने दट्ट्या ढकलत राहतो आणि भूलतज्ज्ञ रुग्णाचे वजन, वय आणि शस्त्रक्रियेचा टप्पा पाहून तो वेग कमीजास्त करीत राहतात. औषध सोयाबीनच्या तेलात घोटलेले असल्यामुळे पांढरे दिसते. सुरुवातीला ते शिरेत जाताना हात चांगलाच झोंबतो, त्यासाठी आधी बधिर करणारे थोडे लिग्नोकेन देण्याची रीत आहे. या भुलीतून जाग येणारे रुग्ण बहुधा प्रसन्न असतात. एक आजी तर डोळे उघडताच ‘चहा कधी मिळेल’ असे विचारत्या झाल्या होत्या, आणि गॅसच्या भुलीनंतर असा प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

फरक पडतो का, या तुमच्या प्रश्नाचे आकड्यांतले उत्तर २००४ साली आलेल्या एका मोठ्या चाचणीत मिळते. उलट्यांचा धोका अधिक असलेल्या ५,००० हून अधिक रुग्णांवर सहा उपाय वेगवेगळ्या जोड्या लावून एकाच वेळी तपासले गेले. गॅसऐवजी प्रोपोफॉल चालू ठेवल्यास धोका १९ टक्क्यांनी घटला. नायट्रस ऑक्साइड वगळल्यास १२ टक्क्यांनी घटला. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या उलटीविरोधी औषधांपैकी प्रत्येकाने धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी केला. फेंटानिलऐवजी रेमिफेंटानिल वापरण्याचा मात्र काही उपयोग झाला नाही. यातली खरी मेख अशी की हे उपाय एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करतात, म्हणजे प्रत्येक उपाय उरलेल्या धोक्यातून आपला वाटा कापतो.

तुमच्यापुरता कागदावरचा हिशेब करून पाहू. ट्रॅमाडॉल टाळता आले असे गृहीत धरले, तर सुरुवात शंभरांत ६० पासून होते. शिरेतून भूल आणि नायट्रसला फाटा, या दोन्हींनी मिळून तो आकडा ४३ च्या आसपास येतो. त्यात डेक्सामेथासोन घातले की ३२, आणि शेवटी ऑन्डान्सेट्रॉन दिले की २४. हा हिशेब म्हणजे तुमच्या बाबतीतील भविष्य नव्हे आणि तो असा अपूर्णांकात वागतही नाही, पण त्यातून दोन गोष्टी ठळक होतात. भुलीची पद्धत बदलणे उपयोगी आहे, आणि ती एकटी बदलणे पुरेसे नाही. शिरेतून भूल देऊन नायट्रसही वगळले, तर त्या दोहोंचा मिळून होणारा फायदा जवळजवळ एका चांगल्या उलटीविरोधी इंजेक्शनाएवढा असतो. म्हणून तुमच्या भूलतज्ज्ञांनी ‘मी गॅसच वापरणार, कारण माझ्याकडे पंप आणि मेंदूच्या लहरी मोजणारा मॉनिटर नाही, पण नायट्रस वापरणार नाही आणि तीन वेगवेगळ्या प्रकारची औषधे देईन’ असे सांगितले, तर वाद घालू नका. शिरेतून दिलेल्या भुलीत सुई निसटली किंवा नळी दुमडली तर औषध पोहोचत नाही आणि रुग्ण अर्धवट जागा होण्याचा धोका असतो. त्यासाठी सुईची जागा सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते आणि हाताला सवय असावी लागते. ज्यांच्या हाती ती पद्धत रोजची आहे त्यांच्याकडून ती अवश्य घ्यावी, परंतु रुग्णाने हट्ट धरला म्हणून कोणी ती प्रथमच करून पाहावी, हे मला मान्य नाही.

नायट्रसबद्दल मात्र मी तितकी उदार नाही. तासाभरापेक्षा कमी वेळ वापरला तर त्याचा उलट्यांवर फारसा परिणाम होत नाही; लांबलेल्या शस्त्रक्रियेत होतो. तो आतड्यांतील आणि मध्यकर्णातील हवेच्या जागा फुगवितो, आणि तुमच्या शस्त्रक्रियेत तो वापरल्याने साधण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. हवा आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणाने काम भागते.

आता दिरांच्या उपायाकडे वळते. पाठीतल्या इंजेक्शनाने, म्हणजे स्पायनलने, उलट्या एकंदरीत कमी होतात हे खरे आहे, आणि शस्त्रक्रिया गुडघ्याची किंवा हर्नियाची असती तर मी त्यांना दुजोरा दिला असता. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवावे लागते. त्या वायूने श्वासपटलाचा दाह होतो आणि जाग्या रुग्णाचा उजवा खांदा असह्य दुखू लागतो, कारण श्वासपटलाची संवेदना वाहून नेणारी नस आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच पातळीवरून निघतात. स्पायनलमध्ये ही शस्त्रक्रिया काही ठिकाणी करतात, तिच्यावर निबंधही लिहिले गेले आहेत; तरी रूढ पद्धत पूर्ण भुलीचीच आहे. शिवाय तुमचा स्वतःचा अनुभव स्पायनलच्या बाजूने नाही. सिझेरियनच्या वेळी टेबलावर मळमळले, ते बहुधा रक्तदाब एकाएकी उतरल्यामुळे. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब खाली येतो आणि मेंदूला रक्त कमी पोहोचताच पहिली तक्रार मळमळीची होते. रक्तदाब वाढविणारे इंजेक्शन दिले की पाच मिनिटांत ती जाते. तुमचीही तशीच गेली असेल, कारण नंतरच्या उलट्यांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. तो प्रसंग आणि अंडाशयाच्या शस्त्रक्रियेची ती रात्र, ही दोन निराळी प्रकरणे आहेत. शुक्रवारी ती वेगवेगळीच सांगा.

औषधांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यांत वेळेला फार महत्त्व आहे. डेक्सामेथासोनचा परिणाम चढायला वेळ लागतो, म्हणून ते झोपविल्याबरोबर देतात. जाग्या माणसाला ते भरकन दिले तर जांघेत आणि गुदद्वाराजवळ काही क्षण विलक्षण झोंबते आणि त्याबद्दल बोलायचा रुग्णांना फार संकोच वाटतो. हेही ते झोपेत देण्याचे एक कारण आहे. ऑन्डान्सेट्रॉन याच्या उलट, शस्त्रक्रिया संपत आली की द्यायचे, कारण त्याचा अंमल काही तासच टिकतो. तुमच्या कागदावर ते सुरुवातीला दिले आहे, म्हणजे दोन तासांनी तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा त्याचा काही भाग खर्ची पडला होता. पॅलोनोसेट्रॉन हे त्याच कुळातील औषध शरीरात बराच अधिक काळ राहते. रात्रीपर्यंत त्रास टिकण्याचा तुमचा इतिहास पाहता मी स्वतः त्याचा विचार केला असता.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे हे कळल्यावर साखर सीमारेषेवर असलेले लोक दचकतात. एका मात्रेने साखर एखादा दिवस थोडी वाढते, हे खरे; ती तपासत राहावे, एवढेच त्यासाठी पुरेसे आहे. जखम चिघळते की काय, या शंकेचे उत्तर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ८,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत मिळाले. त्यांत मधुमेहीही होते आणि ८ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने जखमेतील जंतुसंसर्ग वाढला नाही. ऑन्डान्सेट्रॉनने कधी डोके दुखते, कधी शौचाला घट्ट होते आणि हृदयाच्या विद्युत आलेखातील एक अंतर किंचित लांबते. म्हणून तुमचा जुना ईसीजी फाईलमध्ये ठेवा. अप्रेपिटंट नावाची कॅप्सूलही शस्त्रक्रियेआधी देता येते. केमोथेरपीच्या उलट्यांसाठी ती अनेकांच्या परिचयाची आहे. फक्त ती घेतल्यावर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा महिनाभर धरता येत नाही. तुम्ही अशा गोळ्या घेत असाल, तर हे भूलतज्ज्ञांना विचारूनच घ्या.

आणि आता चौथा मुद्दा, जो अजून ठरायचा आहे. माझ्या मते शुक्रवारचा सर्वांत उपयोगी प्रश्न ‘भूल कोणती देणार’ हा नाही, ‘शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी काय देणार’ हा आहे. पहिल्या दोन तासांचे श्रेय किंवा अपश्रेय भुलीच्या पद्धतीकडे जाते. त्यानंतरची रात्र वेदनाशामकाच्या हाती असते, आणि ते बहुधा भूलतज्ज्ञ घरी गेल्यावर वॉर्डातील ठरलेल्या छापील आदेशाप्रमाणे दिले जाते. आपल्याकडे त्या आदेशात ट्रॅमाडॉल वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले आहे. ते स्वस्त आहे, श्वास फारसा मंदावत नाही आणि मॉर्फीनसारखी कुलूपकिल्लीची कटकट त्याला कमी. पण मळमळ आणण्यात ते मुळीच मागे नाही. त्यात गंमत अशी की उलटी थांबविण्यासाठी दिलेले ऑन्डान्सेट्रॉन ट्रॅमाडॉलची वेदनाशामक शक्ती कमी करते. मग दुखणे थांबत नाही म्हणून आणखी ट्रॅमाडॉल, त्याने मळमळ म्हणून आणखी ऑन्डान्सेट्रॉन, असे चक्र मी कितीतरी वॉर्डांच्या फाईलींत वाचले आहे.

दुर्बिणीच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत हे बहुतेकदा टाळता येते. शिरेतून पॅरासिटामॉल ठरावीक वेळाने, मूत्रपिंड आणि जठर ठीक असल्यास डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅकसारखे दाहशामक, आणि सर्जननी चारही छिद्रांच्या जागी ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध भरपूर टोचणे, एवढ्यावर पुष्कळ रुग्णांचे भागते. काही भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या मदतीने पोटाच्या स्नायूंच्या थरांत औषध सोडून टॅप ब्लॉक देतात. इतके करूनही दुखले तर अफूच्या कुळातील औषधाची लहान मात्रा अवश्य घ्यावी. दुखणे अंगावर काढून उलटी टाळण्यात शहाणपण नाही, कारण तीव्र वेदनेनेही मळमळते. ‘ट्रॅमाडॉलने मागच्या वेळी उलट्या झाल्या’ हे वाक्य मात्र भूलतज्ज्ञांना सांगा, त्यांच्याकडून फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहवून घ्या आणि रात्रपाळीच्या सिस्टरनाही तोंडी सांगा. तुमच्याने बोलवत नसेल तर सोबत असलेल्या माणसाने सांगावे.

शस्त्रक्रियेच्या सकाळविषयी. जड जेवण ८ तास आधी आणि हलके ६ तास आधी बंद, पण साधे पाणी २ तास आधीपर्यंत पिता येते, असा आजचा नियम आहे; तरीही आपल्याकडे रात्री दहापासून पाण्याचा थेंब न घेता दुपारी दोनला टेबलावर येणारे रुग्ण दिसतात. कोरडे पडलेले शरीर अधिक मळमळते. तेव्हा पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे घड्याळाच्या भाषेत विचारून घ्या. कोरा चहा पाण्यात मोडतो, दुधाचा चहा जेवणात. थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर नेहमीप्रमाणे घ्यावी. घाटात तुम्ही तोंडात आवळासुपारी धरत असाल, तर त्या सकाळी ती घरीच राहू द्या. आल्याचा उपयोग होतो असे काही अभ्यास सांगतात, काही सांगत नाहीत. मी ते सुचवीत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू दाबण्याचा उपाय मात्र चाचण्यांमध्ये बऱ्यापैकी टिकला आहे: मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, मधल्या दोन शिरांच्या, खरे म्हणजे स्नायुबंधांच्या, मध्ये. त्यासाठी बटण लावलेले लवचीक पट्टे मिळतात. त्यात गमावण्यासारखे काही नाही, फक्त सलाईन दुसऱ्या हाताला लावायला सांगा.

शुद्धीवर आल्यावर एकदम उठून बसू नका. वॉर्डात नेताना स्ट्रेचर सावकाश वळविण्याची विनंती करा. वॉर्डबॉयना हे कारणासह सांगितले की ते मनापासून ऐकतात. तरीही उलटी झालीच, तर आधी दिलेल्या औषधाचीच पुन्हा मात्रा सहा तासांच्या आत देण्याने फारसे साधत नाही, दुसऱ्या कुळातील औषध द्यावे लागते; म्हणून ‘आधी काय दिले आहे’ हे ड्यूटीवरील डॉक्टरांनी पाहावे, एवढी आठवण सोबतच्यांनी द्यावी. घरी जाताना रिक्षा नको. कर्वे रस्त्यावरचे गतिरोधक आणि मागचे आसन, ही तुमच्यासाठी घाटाचीच छोटी आवृत्ती आहे. मोटारीत पुढे बसा आणि नजर दूर रस्त्यावर ठेवा.

पहिल्या एकदोन दिवसांतील थोडी मळमळ या सगळ्या हिशेबात बसते. परंतु घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या नव्याने सुरू झाल्या, पोट दुखत राहून ताणल्यासारखे झाले, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर ते भुलीच्या माथी मारून घरात थांबू नका. पित्तनलिकेला इजा होऊन पित्त झिरपणे किंवा नलिकेत खडा अडकणे, अशी कारणे त्यामागे असू शकतात, आणि अशा वेळी पहिला फोन भूलतज्ज्ञांना न करता सर्जनना करावा, रात्र असली तरी.